चक्राची पाटी

जवळा बाजार गावातल्या एका पतसंस्थेसमोर दिव्यांगांसाठी राखीव अशी एकच जागा, तिथं चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली पाटी, आणि दर बाजारच्या दिवशी त्या जागेवर पारुबाईची पांढरी जीप. आता पारुबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे, तिच्या अंगात देवी येते. पण पाय म्हणाल तर दोन्ही ठणठणीत. जीपमधून अशी उडी मारते की आसपासच्या कोंबड्या पळतात.

पतसंस्थेतली कॅशियर सरिता मात्र लहानपणापासून एका पायानं अधू. जागा अडली की तिनं आपली स्कूटर पार जनावरांच्या बाजाराच्या टोकाला लावायची आणि कुबडी टेकत गर्दीचिखलातून यायचं. साहेबांनी बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर बदली लांब कनेरगाव नाक्याच्या शाखेत. घरी म्हातारी आई एकटी. सरिताचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं चौकीत तक्रार दिली. खोटी सवलत लाटणाऱ्याला सोडणार न्हाई, म्हणत जमादार मिशीला पीळ देत निघाले. जीपपाशी गेले, टोपी काढली, आपली बदली टळेल का ते विचारलं आणि कपाळाला कुंकू लावून परत आले. पतसंस्थेचा वॉचमन भावसिंग, त्यानं तर हातच जोडले. देवीच्या गाडीला शिटी मारायची त्याची छाती नव्हती. असला धाक! सारा बाजार त्या बाईपुढं वाकलेला.

शेवटी सरिताच कुबडी आपटत गेली.

"मावशी, जागा काहून अडवता? पाटी वाचली का?"

"वाचली की. दिव्य अंग," पारुबाई शांतपणे म्हणाली. "माझ्या अंगात येतंय, मुलखाला म्हाईत हाय. अन् चित्र बघ ना. देवी बसून राहिली, संगट चक्र."

सरिता चाट पडली. बाई लबाड नव्हतीच, हक्काची जागा म्हणून गाडी लावत होती बिचारी. सरितानं सलवार जरा वर सरकवून वाळलेला पाय दाखवला.

"ती जागा ह्याच्यासाठी हाय."

"ह्यात येतंय व्हय? कवा कवा?"

"कायमच असतंय," सरिता वैतागून म्हणाली.

पारुबाईचा चेहराच उतरला. आपल्याकडं देवी घटकाभर टेकते, अन् हिच्याकडं मुक्कामाला! भर बाजारात तिनं सरिताच्या त्या पायावर डोकं ठेवलं.

पुढच्या बाजाराला जागा रिकामी, वर सडा घातलेली. इतकी वर्षं हॉर्न वाजवून न हललेले हातगाडे स्कूटर दिसताच बाजूला झाले. सरिता साहेबांच्याही आधी पोचली. भावसिंगनं स्कूटरपुढं नारळ फोडला. मागं बायकांची रांग लागली होती, आणि सगळ्यांत पुढं जमादार.

"ताई, माझ्या बदलीचं काय व्हईल?"

सरितानं पाटीकडं पाहिलं. तिचा असल्या गोष्टींवर कवडीचा विश्वास नव्हता, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही. मग तिला जनावरांच्या बाजाराचं टोक आठवलं.

"टळली," ती म्हणाली. "दोघांचीबी."