पूर्णिमाताईंचा भयपट

दाराची पितळी मूठ आधी अगदी थोडी खाली गेली, थांबली, आणि तितक्याच सावकाश पुन्हा वर आली. दाराबाहेर कोण आहे ते दिसलं नाही. मुठीवर पडलेला उजेडाचा ठिपका तेवढा हलला. पूर्णिमाताईंच्या मते त्या जुन्या कृष्णधवल सिनेमातली सगळी भीती त्या ठिपक्यात होती. रंगीत भुतं त्यांना पटत नसत. त्या भुतांचं रक्त टोमॅटो सॉससारखं दिसायचं, आणि सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात गेल्यामुळे भेसळ ताईंना चटकन कळायची. काळोखात मात्र काय आहे, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

शनिवारची दुपार होती. वारज्याच्या आपल्या फ्लॅटचे पडदे ओढून आणि फोन मुका करून स्वयंपाकघरात ठेवून ताई सिनेमा बघत होत्या. फोन लांब ठेवायला आणखी एक कारण होतं. मुलगा आनंद आज उत्तर मागणार होता. वाघोलीच्या त्याच्या नव्या घरात आईची खोली रंगवून तयार होती. उद्या एजंट हा फ्लॅट बघायला येणार होता. ताईंनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. त्यांना जायचं नव्हतं. पण आनंद इतक्या मायेने विचारायचा, की 'नाही' म्हणायला तोंड उघडलं की 'बघू या' बाहेर पडायचं. दिवाळीपासून त्या नुसत्या बघत होत्या.

आनंदने फोन केला. मग पुन्हा केला. एकटी बाई फोन उचलत नाही म्हणजे नक्की पडली, असं ठरवून त्याने समोरच्या फ्लॅटमधल्या सकीनाला कळवलं आणि स्वतः गाडी काढली.

सकीना दाराशी आली, तर आतून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. ताईंना अलीकडे कमी ऐकू येई, म्हणून आनंदनेच आणून दिलेला स्पीकर त्यांनी होता तेवढा मोठा केला होता. सकीनाने दार ठोठावलं. नेमकं सिनेमातही तेव्हाच कुणीतरी दार ठोठावत होतं. आवाज थेट आपल्या डाव्या बाजूने येतोय, हे ताईंच्या लक्षात आलं. पोराने स्पीकर चांगला आणला, असं त्यांना वाटलं, आणि त्या पुढे बघू लागल्या.

सकीनाने वरच्या मजल्यावरून बापूरावांना बोलावलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी दाराला कान लावला. आत एक पुरुष घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "अब यहाँ कोई नहीं आएगा."

"आत माणूस आहे हो," सकीना कुजबुजली.

"असू दे. आपण आलोय हे त्याला माहीत नाही, एवढं बरं आहे," बापूराव म्हणाले आणि हत्यार म्हणून जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर काढून त्यांनी छातीशी धरला.

ताईंच्या घराची जादा किल्ली सकीनाकडे असे. तिने ती आवाज न करता फिरवली आणि मूठ हळूहळू खाली दाबली.

पडद्यावर मूठ पुन्हा खाली जात होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून ताईंना दिसलं, की आपल्याही दाराची जाते आहे. अशा वेळी विज्ञानाची पदवी कामाला येत नाही. त्या किंचाळल्या. ते ऐकून सकीना किंचाळली. बापूराव किंचाळले नाहीत, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या हातून खटका मात्र दाबला गेला, आणि ज्याची तपासणी कधीच झाली नव्हती तो सिलिंडर पहिल्याच वेळी पूर्ण ताकदीने चालला.

खिडक्या उघडून, पोटभर खोकून झाल्यावर पाहिलं, तर सोफा पांढरा, ताई पांढऱ्या, सकीनाची ओढणी पांढरी. बापूरावांच्या मिशांचा कलप वाया गेला होता.

"आम्ही एवढ्या तयारीने आलो, पूर्णिमाबाई," ते म्हणाले, "आणि तुम्ही आपल्या धडधाकट."

ताईंनी पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. सकीनाची नजर पडद्यावरच होती.

"ताई, थांबा ना. दाराबाहेर कोण होतं?"

ते शेवटपर्यंत दाखवतच नाहीत, असं ताईंनी सांगितलं. भुताला द्यायला पैसे उरले नसतील, असं म्हणत बापूराव भुकटीसकट सोफ्यावर बसले. सिनेमा पहिल्यापासून लावावा लागला. आनंदला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. बाहेर आपोआप अंधारत चाललं होतं.

वाघोलीहून निघालेला आनंद अख्खं पुणे ओलांडून पोचला, तेव्हा दार उघडंच होतं. काळोख्या खोलीत तीन पांढऱ्या आकृत्या ओळीने बसल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"आई?" त्याने विचारलं.

मधल्या आकृतीने सावकाश मान वळवली. आनंद होता तिथेच, चपलांच्या कपाटावर बसला.

त्याला पाणी दिलं, सगळं सांगितलं. जीव जागेवर आल्यावर तो चिडला. हेच तो इतके महिने सांगत होता. खरंच काही झालं असतं तर? ताईंनी तो प्रश्न नीट तपासून पाहिला. काही झालंय असं वाटलं, तेव्हा धावून आलेली माणसं त्यांच्या दोन बाजूंना बसली होती. एकीने भीतीने त्यांचा दंड धरला होता. दुसऱ्यांनी सिलिंडर अजून मांडीवरून खाली ठेवला नव्हता. मुलगा त्या वेळी खराडीच्या सिग्नलला होता. त्यात त्याचा दोष नव्हता.

"आनंदराव, बसा तरी, नाहीतर सरका तरी," बापूराव म्हणाले. "काही दिसत नाही."

आनंद आईच्या पायाशी बसला. उद्या एजंटला किती वाजता बोलावू, हे त्याला विचारायचं होतं. पण पडद्यावरची बाई दिवा घेऊन जिना उतरू लागली आणि ते राहून गेलं. थोड्या वेळाने त्याचा गार पडलेला हात चाचपडत आईच्या हातात आला. ताईंनी तो घट्ट धरला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. 'नाही' म्हणायला त्यांना तेवढाच आधार पुरला.

"आनंद," त्या म्हणाल्या, "मी वाघोलीला येणार नाही. मी इथेच राहणार आहे."