अजगराला वारा लागला

अजगर सांभाळण्यात सर्बियातल्या आमच्या अख्ख्या नीश शहरात माझा हात धरणारं कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं! लेक व्हिएन्नाला नोकरीला गेली आणि जाताना आपली लाडकी, हातभर लांबीची अजगरीण, झ्लाता, माझ्या गळ्यात मारून गेली. "बाबा, मी ईस्टरला येते. तोवर तिला काही झालं ना, तर तुमच्याशी जन्मात बोलणार नाही," असंही बजावून गेली. आणि पोरगी बोलल्याप्रमाणे वागते. आजीवर गेलीय.

पण मी तंत्रशाळेतला मास्तर. काम एकदम चोख! तिच्या काचेचं दार असलेल्या पेटीच्या तळाशी गरम चटई, वर दिवा, कोपऱ्यात पाणी. थंडी पडल्याबरोबर पेटीच्या बाजूची भोकंसुद्धा चिकटपट्टीने बंद करून टाकली. वाऱ्याचा झोत लागला की माणूस गेलाच, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दात दुखला, वारा. मान आखडली, वारा. शेजाऱ्यांचा घटस्फोट झाला तेव्हाही सासूबाई म्हणाल्या, "होणारच! त्यांच्या खिडक्या समोरासमोर आहेत."

तर एका सकाळी घरात उरलेले आम्ही दोघं कॉफी पीत होतो. सासूबाई, म्हणजे देसांकाबाई, घोट घेता घेता थांबल्या.

"जावईबापू, तुमच्या छातीतून शिट्टी वाजतेय."

"माझ्या नाही हो!"

"मग काय माझ्या?"

दोघांनीही श्वास रोखून पाहिला. शिट्टी चालूच!

पेटीजवळ गेलो तर झ्लाता मान वर करून, तोंड उघडं टाकून बसलेली. नाकपुडीवर एक बुडबुडा फुगला आणि फुटला.

"रागावलीय, दुसरं काही नाही," मी म्हणालो.

"रागाचे बुडबुडे येतात होय? वारा लागलाय पोरीला!"

"कसा लागेल? भोकं मी स्वतः बुजवलीत!"

पण ऐकतंय कोण! मी जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर शोधेपर्यंत बाईंनी प्लमची राकिया, म्हणजे आमची घरगुती कडक दारू, आणली. घरात कोणालाही सर्दी झाली की छातीला राकिया चोळायची आणि राकियात भिजवलेले गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे पायात चढवायचे, हा त्यांचा ठरलेला इलाज. त्यांनी चिंब मोजा हातात धरून झ्लाताला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! हिचे पाय?"

मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. झ्लाता अख्खीच्या अख्खी मोज्यात! बाहेर फक्त तोंड, तेही आ वासलेलं. शिट्टी आणखी वाढली. मोजा ओढून काढावा तर तिने आत असं अंग आखडलेलं, की जोर लावायचा धीर होईना.

तशीच टॅक्सी केली. राकियाच्या वासाने ड्रायव्हरने काच खाली घेतली मात्र, सासूबाई किंचाळल्या, "बंद कर मेल्या! मांडीवर आजारी पोर आहे!"

त्याने मागे वळून पोर पाहिलं. पुढचं सगळं अंतर त्याने एकही सिग्नल न पाळता कापलं, आणि पैसे न घेताच पळाला!

डॉक्टर तियानाबाईंनी एकदा हुंगलं. "तुमच्यातलं प्यायलंय कोण?"

आम्ही दोघांनी मोज्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी कात्रीने मोजा कापला, झ्लाताला पुसून घेतलं, तोंडातला चिकट शेंबूड दाखवला. "फुप्फुसात संसर्ग आहे. आणखी थोडा उशीर केला असता तर हाताला लागली नसती. पेटीचा फोटो आहे?"

होता! मी मोठ्या ऐटीत फोन पुढे केला.

"ही पट्टी कोणी लावली?"

"मी... वारा लागू नये म्हणून..."

"अहो मास्तर, आत ओल कोंडली, जंतूंची चंगळ झाली! सापाला ऊब हवी, तशी खेळती हवाही हवी. आणि दारू चोळणं ताबडतोब बंद!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू राकियाचा विषय कोणी काढलाच नव्हता.

मग इंजेक्शनं सुरू झाली. धरायच्या सासूबाई, टोचायचो मी, आणि घाम दोघांनाही! चिकटपट्ट्या काढल्या, पेटी कोरडी केली, उष्णता मोजायला यंत्र लावलं. रोज सकाळी आम्ही काचेला कान लावून शिट्टी ऐकायचो. आणि एके दिवशी आवाजच येईना.

"गेली!" सासूबाईंनी हंबरडाच फोडला.

मी आत हात घातला. झ्लाताने शांतपणे मान वळवली, जीभ लपलपवली आणि आरामात माझ्या मनगटाला वेटोळं घातलं. तोंड मिटलेलं, नाक कोरडं! बरी झाली होती म्हणून आवाज नव्हता! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी आणि सासूबाईंनी चक्क एकमेकांना मिठी मारली. लग्नातही मारली नव्हती.

ईस्टरला लेक आली. झ्लाताला बघून तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्हाला जमेल असं मला खरंच वाटलं नव्हतं! आता मी निर्धास्त झाले." आणि तिने पिशवीतून एक डबा काढला. त्याला भोकं होती.

"हा तिकडे घेतला, पण घरमालकीण ठेवू देत नाही. आणि हो, नवा साप आहे, त्याच्यापासून झ्लाताला काही लागायला नको. तीन महिने स्वतंत्र खोलीत, दार बंद!"

"माझी घ्या की!" सासूबाई उशी उचलत म्हणाल्या. "माझी खोली सगळ्यात उबदार आहे."

आता त्या खोलीत नवे पाहुणे आणि माझ्या नि झ्लाताच्या खोलीत सासूबाई. झ्लाताचा श्वास हल्ली अजिबात ऐकू येत नाही. सासूबाईंचा येतो.