बारा फुटांवरचा सोबती

रेडिओ दुरुस्तीला टाकायचा, एवढंच ठरवून अण्णा घराबाहेर पडले आणि मासे दाखवणारं यंत्र घेऊन परत आले.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. (निदान त्यांचं तसं म्हणणं आहे.) बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, रेडिओ मंगळवारी गेला, आणि घरात बोलणारं कोणी उरलं नाही. रेडिओवाल्याचं दुकान नेमकं बंद होतं. त्याच्या शेजारचं गळ-दोऱ्यांचं दुकान उघडं होतं.

"काका, होडी आहे ना अजून?" दुकानदार म्हणाला. "मग हे न्या. फिश फाइंडर! सेन्सर होडीच्या बुडाला लावायचा, स्क्रीन समोर ठेवायचा. पाण्याखाली काय चाललंय ते बसल्या जागी दिसतं."

"बोलतं का?"

"बोलत नाही. पण मासा दिसला की टूं टूं करतं."

अण्णांनी विचार केला. घरात कोणी टूं केल्यालाही बरेच दिवस झाले होते.

"द्या," ते म्हणाले.

यंत्राबरोबर सेहेचाळीस पानांचं माहितीपुस्तक मिळालं, आणि इथेच सगळं बिघडलं. अण्णांनी चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. 'प्रूफरीडरने मजकुराच्या अर्थामध्ये गुंतायचं नसतं, अर्थामध्ये गुंतला की चूक निसटते,' हा त्यांचा सिद्धांत. त्या काळात त्यांनी हजारो पानं वाचली आणि त्यातला एक शब्दही डोक्यात शिरू दिला नाही. एकदा त्यांनी अख्खी रहस्यकथा तीनदा तपासली. खून कोणी केला हे त्यांना आजही ठाऊक नाही.

तेव्हा माहितीपुस्तक त्यांनी वाचलं, पण लाल पेन घेऊन. दोन दिवसांत एकशे बारा चुका काढल्या. यंत्र चालतं कसं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण भाषांतर गचाळ आहे, हे ते छातीठोकपणे सांगू शकले असते. (साठी उलटलेल्या माणसाला सूचना वाचायला दिल्या की तो त्या पाळत नाही, तपासतो. त्यावर उपाय नाही.)

पहिल्याच दिवशी तलावाच्या मध्यावर होडी थांबवून त्यांनी यंत्र सुरू केलं आणि थेट दुकानदाराला फोन लावला.

"अहो, माझ्याखाली राक्षस आहे! पिवळा, जाडजूड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हलतसुद्धा नाही!"

"काका, तो तळ आहे."

"कसला तळ?"

"तलावाचा. प्रत्येक तलावाला असतो."

अण्णांनी त्या माणसाला पुन्हा फोन केला नाही. उपकार घ्यावेत, पण अशा सुरात नव्हे.

चौथ्या दिवशी मात्र खरी गंमत झाली. दहाच्या सुमारास त्यांनी गळ पाण्यात सोडला, गळाच्या वर वजनाला बांधलेलं शिसं खाली गेलं, आणि यंत्र म्हणालं, टूं. तळाच्या बरंच वर, बारा फुटांवर, एक बारीक ठळक रेघ उमटली. सरळ, शांत, कुठेही न जाणारी. अण्णा श्वास रोखून बघत राहिले. रेघ तिथेच. त्यांनी दोन हात वल्ही मारली. रेघ मागे पडली. ते थांबले, पाच मिनिटांत रेघ पुन्हा हजर.

"अरे वा!" अण्णा म्हणाले. दुकानदाराच्या त्या फोननंतर मोठ्याने उच्चारलेले त्यांचे हे पहिलेच शब्द होते.

दुसऱ्या दिवशी दहाला तो मासा पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. दुपारी निघायच्या वेळी अण्णा दोरी गुंडाळू लागले की तोही हळूहळू वर वर यायचा. निरोप द्यायला येतो, हे उघडच होतं. असं वागणं अण्णांनी चौतीस वर्षांत एकाही सहकाऱ्याकडून अनुभवलं नव्हतं.

पूर्वी होडीत समोरच्या फळीवर बायको बसायची आणि इतकं बोलायची की मासे पलीकडच्या काठाला जाऊन थांबायचे. "मी गप्प बसले तर तुम्हाला इथे करमेल का?" असं ती विचारायची. "बसून तर बघ," असं अण्णा म्हणायचे. आता त्या फळीवर यंत्र होतं. अण्णा त्या माशाला सकाळच्या बातम्या सांगायचे, गुडघ्याबद्दल सांगायचे, खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात चपला कशा पसरून ठेवते ते सांगायचे. तो ऐकून घ्यायचा. दोन आठवडे आमिषाला तोंड न लावता ऐकून घ्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी दोरीचा गळ काढून टाकला. नुसतं शिसं सोडायचं. यामागचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारणारं कोणी नव्हतंच.

मुलगी दुसऱ्या शहरात हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी करायची. दिवसभर लोकांच्या पोटातल्या सावल्या वाचायची आणि महिन्यातून दोनदा घाईघाईत फोन करायची. चार महिन्यांत तिचं येणं झालं नव्हतं.

"अण्णा, एकटं वाटतं का हो?"

"छे! आता कोणीतरी असतं ना सोबतीला."

पलीकडे हॉस्पिटलचा सगळा गलका थांबल्यासारखा झाला. "कोण?"

"नाव नाही माहीत. रोज दहाला येतो. मी जाईन तिथे मागे येतो."

"मागे येतो? अण्णा, तो कशावर सही वगैरे मागतो का?"

"काहीच मागत नाही गं. खायला दिलं तरी घेत नाही."

"करतो काय मग?"

"ऐकतो."

"दिसायला कसा आहे?"

"रेघेसारखा."

"अण्णा!"

"अगं, मासा आहे तो! यंत्रात दिसतो. बारा फुटांवर."

इतका वेळ मुलीला भामट्याची भीती वाटत होती. आता तिला त्याहून मोठी भीती वाटली. "मी रविवारी येते," ती म्हणाली. "आणि हे बघा, एका माशाशी गप्पा मारायची वेळ आली असेल ना, तर बास झालं. ती होडी विका आणि माझ्याकडे राहायला चला. दोन खोल्या आहेत, पण माणसं तरी आहेत."

अण्णांना राग आला. रागात माणूस नको त्या अटी घालतो. "ये! तुला तो दाखवतो. पटलं नाही, तर होडी विकून येतो तुझ्याकडे."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण होडी आणि घर दोन्ही एका माशाच्या वक्तशीरपणावर लावलं आहे. पण त्यांना काळजी वाटली नाही. तो कधीच चुकला नव्हता.

रविवारी मुलगी आली. बायकोच्या फळीवर बसली, आणि यंत्र मांडीवर घ्यावं लागल्यामुळे वैतागली. अण्णांनी खिशातून गळ काढून दोरीला बांधला. नुसतं बघून ही पोरगी ऐकायची नाही, पकडूनच दाखवावा लागेल, हे त्यांना कळून चुकलं होतं. गाठ मारताना ते पाण्याकडे बघून हळूच पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. माफी मागितली."

बरोबर दहा वाजता त्यांनी दोरी सोडली. टूं.

"आला! बघितलंस? बघितलंस ना?"

मुलीने स्क्रीनवर सावली धरली आणि डोळे बारीक केले. तिचा आवाज एकदम हॉस्पिटलमधला झाला. "हलू नका. दोरी जरा वर घ्या."

अण्णांनी वर घेतली. रेघ वर गेली.

"थांबा."

रेघ थांबली.

"आता सोडा खाली."

रेघ खाली गेली.

"किती ऐकतो बघ!" अण्णा अभिमानाने म्हणाले.

मुलीने स्क्रीनवरून नजर काढली आणि ती अण्णांकडे वळली. पेशंटला काहीतरी सांगायचं असतं तेव्हा ती अशीच वळते. मग म्हणाली, "अण्णा, हे तुमचंच शिसं आहे."

होडी पाण्यावर हलत राहिली. अण्णांनी दोरी वर घेतली, खाली सोडली, शेवटी पूर्ण वर ओढून घेतली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, कारण काहीतरी पुसणं भाग होतं.

"पुस्तकात लिहिलेलं असतं हो हे." मुलीने यंत्राच्या पिशवीतलं माहितीपुस्तक उघडलं आणि एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं. "'होडी स्थिर असताना एकसारखी रेघ दिसल्यास ते तुमचेच शिसे असण्याची शक्यता आहे. मासा कमानीसारखा दिसतो.' आणि इथे लाल पेनाने स्वल्पविराम कोणी घातलाय?"

"हवाच होता तिथे," अण्णा म्हणाले.

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष दोरीच्या टोकाला गेलं. "हा गळ अगदी नवा कोरा दिसतोय."

"महिनाभर लावलाच नव्हता."

"का?"

"त्याला लागला असता तर?"

हसू तिथेच अडकलं. तिने यंत्र फळीवर ठेवलं, पुन्हा मांडीवर घेतलं. "ठरल्याप्रमाणे विकतो होडी," अण्णा वल्ह्यांकडे बघत म्हणाले.

"नका विकू. मी दर रविवारी येते. तुम्हाला हा स्क्रीन वाचायला शिकवते, कमान कशी ओळखायची ते. कळलं?"

अण्णांना अर्थातच कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. पुढचे सहा दिवस ते शीळ घालत होते. रविवारी पहाटेच उठून त्यांनी समोरची फळी धुतली, वर उशी ठेवली.

पावणेदहाला, तलावाच्या मध्यावर, मोबाइल वाजला. मुलीचा संदेश होता: तिला ड्यूटी लागली, आज जमत नाही, पुढच्या रविवारी नक्की. 'पण अण्णा, नीट वाचा. कमान दिसली तर तो खरा मासा. लगेच गळ सोडा.'

अण्णांनी उशीकडे पाहिलं. मग दोरीचा गळ सोडवून खिशात टाकला, नुसतं शिसं पाण्यात सोडलं, आणि बारा फुटांवर रेघ उमटल्यावर म्हणाले, "चला, आज आपण दोघंच."

नंतर ते मुलीचा संदेश नीट वाचायला बसले. त्यात चार चुका निघाल्या. त्या दुरुस्त करून त्यांनी संदेश तिला परत पाठवला, आणि मान वर केली तेव्हा स्क्रीनवर, रेघेला अगदी खेटून, एक भलीमोठी सुबक कमान उमटत होती.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि स्क्रीन स्वच्छ पुसला.