ठणठणीत असल्याने अपात्र

उदगीरच्या मोंढ्यात डाळीची आडत चालवणाऱ्या वैजनाथला पुरुषांचा तो आजार जडून वर्ष झालं होतं. रक्त वेळेवर यायचं, पण ऐन वेळी तिथं टिकायचं नाही. बंधाऱ्याला पाणी भरपूर आणि दारंच बसवायची राहून गेलेली. घरात यावर चकार शब्द निघाला नव्हता. मात्र सिंधू अलीकडे नवऱ्याशी फक्त तुरीच्या भावाबद्दल बोलायची, आणि वैजनाथला खरी धास्ती त्याचीच होती.

अशात लातूरच्या एका इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी निघाली. चिरफाड नाही, टाके नाहीत. बारीक सुई घालून गळकी शीर आतून बंद करायची आणि संध्याकाळच्या एसटीनं माणूस घरी. फक्त एक नियम होता. विषय नाजूक असल्याने रोग्याला धीर यावा म्हणून सोबत एक जबाबदार पुरुष नातेवाईक असावा आणि त्यानं मुलाखतीला जातीनं हजर राहावं.

वैजनाथनं सगळं गणगोत चाळून पाहिलं. सख्खा भाऊ नव्हता. काकांना ऐकू कमी यायचं, म्हणजे सगळं ओरडून सांगावं लागलं असतं. उरला मेव्हणा, मल्लिकार्जुन. त्याला पित्ताचं कारण सांगून सोबत घेतलं.

"तक्रार कधीपासून आहे?" डॉक्टर आनंदराज यांनी गंभीरपणे विचारलं.

वैजनाथनं मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं दाजींकडे पाहिलं.

"तक्रार? कसली तक्रार?" वैजनाथ म्हणाला. "आपलं लई झकास हाय."

"मग आलात कशाला?"

"ह्याला लातूर दाखवायला."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. सकाळपासून बाकड्यावरचे सगळेच झकास होते. निलंग्याचा एक जण व्याह्याला घेऊन आला होता, उमरीचा एक सासऱ्याला. व्याह्यासमोर आजारी पडेल असा पुरुष मराठवाड्यात अजून जन्मायचा होता. रीतीप्रमाणे प्रत्येकाला शिक्क्याचं पत्र मिळालं : 'सदर इसम ठणठणीत आढळून आल्याने चाचणीस अपात्र.'

मल्लिकार्जुननं दाजींच्या पत्राला लॅमिनेशन करून ते आडतीत तराजूच्या वर टांगलं. तिथून गोष्ट हाताबाहेर गेली. मोंढ्यातल्या प्रत्येकाला तसलं पत्र हवंसं झालं. वधू-वर मेळाव्यात ते बायोडाटाला जोडलं जाऊ लागलं. एका भावी सरपंचानं बॅनरवर स्वतःच्या फोटोखाली छापलं. अपात्र होण्यासाठी इस्पितळाबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या आणि ओळखीनं लवकर अपात्र करून देणारेही निघाले.

चाचणीचा अहवाल वर गेला : आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं आली, रोगी एकही नाही. वरून अभिनंदन आलं. हा भाग रोगमुक्त समजून यंत्रसामग्री सोमवारी गरजू जिल्ह्याकडे रवाना करावी, असा आदेशही आला. ही बातमी कळल्यापासून वैजनाथ डाळ जोखताना मान खालीच ठेवायचा. वर पाहिलं की स्वतःचं पत्र दिसायचं.

शनिवारी सिंधू डबा घेऊन आडतीत आली. तिनं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे कुणी दिलं?"

"डॉक्टरांनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच."

"आन् मला कुणी इचारलं?"

सोमवारी सकाळी तिघं लातूरला पोचले, तेव्हा यंत्राला खोकं चढवायचं काम सुरू होतं. सिंधूनं भावाला सांगितलं, "मल्ल्या, तू भाईर बस." डॉक्टरांनी तिला नियम दाखवला. नातेवाईक पुरुषच हवा.

"साहेब," सिंधू म्हणाली, "ज्याला ठावं हाय त्याला इचारा की."

डॉक्टरांनी नियमावली उलटून पाहिली. बायकोला विचारू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण बायकोला विचारता येतं हेच कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी दार लोटलं आणि जुनाच प्रश्न विचारला.

वैजनाथनं फरशीकडे पाहिलं. "वरीस झालं."

सिंधूनं खुर्ची त्याच्या जवळ ओढली. मग म्हणाली, "मला वाटलं, माझंच काय चुकलं."

यंत्र खोक्यातून बाहेर आलं. सुई गेली, शीर बंद झाली. गुण हळूहळू कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एक गुण मात्र लगेच दिसला : स्टँडकडे निघेपर्यंत सिंधूनं तुरीचा भाव एकदाही काढला नाही.

निघताना मल्लिकार्जुन बाकड्यावर सापडेना. तो डॉक्टरांच्या खोलीत होता, एकटाच, सोबत एकही जबाबदार पुरुष नातेवाईक नसताना. नियमाचा एवढा उघड भंग वैजनाथनं पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोन रोगी मिळाल्यानं यंत्र अजून लातुरातच आहे. बाकी जनता ठणठणीत. वाचकहो, तुमचं तर विचारायलाच नको. आम्ही तोंड उघडायच्या आत तुम्ही मान हलवलीत, आणि त्याच्याही आधी शेजारी कोण बसलंय ते बघून घेतलंत.