हाडातलं खत

साळवेमामा माणसाला आधी वय विचारायचे, मग नाव.

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

"मग जिना जपून उतरत जा."

छावणीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांची त्यांच्याशी ओळख अशीच झालेली. मामा एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. ऑपरेशनमध्ये निघालेले हाडांचे तुकडे, पेशंटच्या वयाची चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवायचे, हे त्यांचं काम. हाडातच काही द्रव्यं असतात, ती नवं हाड वाढवतात आणि वयाबरोबर कमी होत जातात, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एकदा समजावून सांगितलं. मामा मूळचे लासूर स्टेशनकडचे, शेतकऱ्याघरचे. त्यांनी त्या द्रव्याचं 'खत' करून टाकलं.

एका वरातीत नवरदेवाचे वडील रंगात येऊन नाचत होते. मामांनी त्यांचं मनगट धरलं. "नाचा, पण उडी मारू नका. खत सरलंय तुमचं." ते बिचारे उरलेली वरात जीपमध्ये बसून होते.

क्रांती चौकात माझी स्कूटर घसरली, हात मोडला. मामा प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "पडायचंच होतं तर विशीत पडायचं. लई उशीर केला राव."

मग मागच्या वर्षी मामी न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्या दिवसापासून मामांनी वय विचारणं सोडलं. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

तीनेक महिन्यांनी मी भेटायला गेलो. मामा औषधाच्या दुकानात गेले होते. मामी हसत म्हणाल्या, "म्हातारं खुळं हाय. डॉक्टरला म्हणालं, माझं हाड काढा आन् हिला लावा. डॉक्टर म्हणाले, मामा, तुम्ही त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे. तवा दवाखान्यातच रडाया लागलं."

"आता हाड जुळलं का?"

"व्हय, कवाच." मामी वॉकर न धरता उठल्या, तरातरा आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

फाटक वाजलं. मामी लगबगीनं खुर्चीत बसल्या, चेहरा पाडला.

"त्यांना सांगू नका," त्या कुजबुजल्या. "लग्नाला एवढी वर्षं झाली. हात धरून चालवायला आत्ताशी लागलेत."