बुडबुड्यावरचा आळ

मंगळवारी सकाळी आल्गोत तळघरातली धुण्याची खोली उघडायला गेला, तेव्हा दाराशेजारच्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर एक लाल चौकट त्याची वाट बघत होती.

धोका सापडला!
‘बुडबुडा’ हा प्रोग्रॅम तुमच्या नकळत इतर फायलींमध्ये फेरफार करतो.
त्याला कोंडून ठेवले आहे.
आता तुम्ही सुरक्षित आहात.

आल्गोतने चौकट दोनदा वाचली. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली. बुडबुडा त्याने स्वतः लिहिला होता. टेलिफोन कंपनीने त्याला मुदतीआधीच निवृत्त केलं त्या हिवाळ्यात, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी. आपल्या घराचा क्रमांक टाकायचा, वार सांगायचा, की बुडबुडा धुण्यासाठी तीन तासांची पाळी देणार. चोवीस घरं, दोन वॉशिंग मशीन, एक ड्रायर, आणि एकवीस वर्षांत एकही भांडण नाही. अख्ख्या बोरोस शहरात अशी दुसरी सोसायटी दाखवा म्हणावं.

खोटा आळ आला की माणूस चिडतो. आल्गोत चिडला नाही. त्याला घाम फुटला.

वर जाताना नेहमीप्रमाणे त्याने जिन्यात कान लावला. कुणाचं दार वाजलं असतं तर तो थांबला असता. समोरासमोर येऊन उगाच काहीतरी बोलायला लागू नये, एवढं सौजन्य या इमारतीत सगळेच पाळत. पण आज गुनेल, सोसायटीची अध्यक्ष, त्याच्या दारातच उभी होती.

“बघितलंस?” ती म्हणाली. “विमावाल्यांनी सांगितलं म्हणून काल अँटिव्हायरस बसवला, आणि पहिल्याच रात्री सापडला. एकवीस वर्षं आपण व्हायरसवर कपडे धुतोय!”

“तो व्हायरस नाही, गुनेल. चुकीचा इशारा आहे. होतं असं.”

“लाल अक्षरात लिहिलंय.”

“लाल अक्षरात मीही लिहून देतो.”

“तू लिहिलेलंच तर पकडलंय त्यानं!” गुनेल म्हणाली. “हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. पण गुरुवारी वार्षिक सभा आहे. एका कंपनीचं ॲप आलंय, फोनवरून पाळी घ्यायची. तोपर्यंत अँटिव्हायरसवाले ‘आमचं चुकलं’ असं लिहून देत असतील, तर राहू दे तुझा बुडबुडा. नाहीतर मतदान घेऊ आणि पुसून टाकू.”

म्हणजे दोन दिवस. आल्गोतने त्याच दुपारी अँटिव्हायरसच्या कंपनीला बुडबुडा तपासायला पाठवला. अर्जात उत्तरासाठी फक्त परवानाधारकाचा पत्ता चालत होता, आणि परवाना सोसायटीच्या नावावर. म्हणजे उत्तर जाणार गुनेलकडे.

आता खाली काय चाललं होतं, ते दारावरच्या चिठ्ठ्यांनीच सांगितलेलं बरं.

संगणकाला हात लावू नये. कागदावर पेन्सिलीने पाळी लिहावी. — गुनेल, अध्यक्ष

पेन्सिल कुणी नेली?

पेन्सिल परत आणली आहे. टोक कुणी मोडलं ते ज्याचं त्याला माहीत.

दुपारचे बारा म्हणजे बारा. बारा वाजून चार मिनिटं म्हणजे बारा नव्हे. सस्नेह, घर क्र. ७

टॉवेलांना घड्याळ कळत नाही. सस्नेह, घर क्र. ११

काहींना टॉवेलांएवढंही कळत नाही. सस्नेह, घर क्र. ७

या शेवटच्या तीन चिठ्ठ्यांच्या आधी, बुधवारी दुपारी, सात नंबरची सिग्ने आणि अकरा नंबरचा रूने समोरासमोर आले होते. कागदावर दोघांच्या पाळ्या लागोपाठ पडल्या होत्या. सिग्ने टोपली घेऊन उतरली तर रूनेचे टॉवेल अजून मशीनमध्ये गरगरत होते. पाऊण तास आवाज वर येत राहिला, दुसऱ्या मजल्यावर आल्गोतच्या स्वयंपाकघरापर्यंत.

त्याची बायको इंगेर बटाटे सोलताना थांबली. “हे दोघं बोलतात? मला वाटलं, ओळखतसुद्धा नाहीत एकमेकांना.”

“ओळखतात,” आल्गोत म्हणाला. “बुडबुड्याच्या आधी एकदा तिनं त्याचे ओले सदरे ड्रायरवर काढून ठेवले होते. त्यानं तिच्या साबणाच्या डब्यावर चिठ्ठी लावली होती. तेव्हापासून.”

“मग एवढी वर्षं गाठ कशी पडली नाही?”

आल्गोतने नळ सोडला आणि आधीच स्वच्छ असलेले हात धुतले. बायको त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेली. हात धुवून त्याची सुटका होणार नव्हती.

“मी पडू दिली नाही,” तो शेवटी म्हणाला. “बुडबुड्यात एक यादी आहे. कुणाची पाळी कुणाला लागून द्यायची नाही, याची. सिग्नेनं बुधवार मागितला की रूनेला बुधवार भरलेला दिसतो. तसे बरेच आहेत.”

“कुणाला न सांगता?”

“सांगितलं असतं तर भांडले नसते का, की आमचं नाव यादीत का?”

इंगेरने सुरी खाली ठेवली. “म्हणजे अँटिव्हायरस खरं बोलतोय! नकळत फेरफार!”

“व्हायरस नाहीये तो.”

“नाही रे. पण तू बनेल आहेस,” असं म्हणून ती इतकी हसली, की बटाटा घरंगळत फ्रिजखाली गेला. “आणि आता ते लोक तपासणार. यादी सापडली तर?”

“तीच तर भीती आहे. सापडली नाही तर बुडबुडा वाचेल. सापडली तर मी पण त्याच्याबरोबर जाईन.”

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सगळे सामायिक खोलीत जमले. कॉफी होती, दालचिनीचे बन होते, आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी खुर्ची होती. टेलिफोन कंपनी सुटल्यापासून आल्गोतला या इमारतीत एवढंच एक काम उरलं होतं. धुण्याच्या खोलीशी लोक त्याला पाहून मान हलवायचे. त्या मान हलवण्यासाठीच तो रोज सकाळी दाढी करत असे. त्याला एकदम घरी जावंसं वाटलं.

“उत्तर आलंय,” गुनेल म्हणाली आणि चष्मा लावून वाचू लागली.

“आपला प्रोग्रॅम आम्ही तपासला. त्यात व्हायरस नाही. इशारा चुकीचा होता, क्षमस्व.”

इंगेरने नवऱ्याचा गुडघा दाबला. आल्गोतने श्वास सोडला.

“तथापि,” गुनेल पुढे वाचत होती, “तो फेरफार करतो हे खरे आहे. आत ‘भेटू देऊ नये’ नावाची एक यादी आहे. उदाहरणार्थ, ७ आणि ११. यामागचा हेतू आमच्या लक्षात आला नाही. परंतु त्यामुळे कुणाला अपाय झालेला दिसत नाही.”

कुणीतरी तोंडातला बन चावायचं थांबलं.

“सात म्हणजे सिग्ने,” गुनेल सावकाश म्हणाली. “अकरा म्हणजे रूने. आल्गोत, ही काय भानगड आहे?”

आल्गोत उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. पंधरा नंबरचा कुत्रा आणि तीनची शिंक, वीसची गाण्याची हौस आणि एकोणीसची डोकेदुखी. माफी मागितली. म्हणाला, पुसा, माझी हरकत नाही. बसणार, तेवढ्यात गुनेलने विचारलं, “आणि मी? मी नऊ. माझ्यापुढे कुणाचं नाव आहे?”

“जाऊ दे ना, गुनेल.”

“आल्गोत.”

“तुझ्यापुढे... ‘सगळे’ असं लिहिलंय.”

कॉफीच्या यंत्राने सुस्कारा टाकला. गुनेलने कागद खाली ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले. आल्गोतला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

“म्हणून!” ती म्हणाली. “म्हणून माझ्या आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही! आणि मी एकवीस वर्षं प्रत्येक अहवालात लिहितेय, की अध्यक्षांच्या शिस्तीमुळं धुण्याच्या खोलीत शांतता नांदते!”

“मला वाटत होतं, मी सुधारलो,” मागून रूने म्हणाला.

“तू?” सिग्ने म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

मतदान झालं. बुडबुडा ठेवावा, यासाठी चोवीस हात वर गेले. मग गुनेलने स्वतः उठून आल्गोतच्या कपात कॉफी ओतली. “माझ्यापासून या सगळ्यांना वाचवलंस,” ती हळूच म्हणाली, “आणि खरं तर मलाही. आभारी आहे, आल्गोत.” मागोमाग बाकीचे उठले. कुणी हात मिळवला, कुणी खांदा थोपटला. वीस नंबरच्या माणसाने तर बोलायला शब्द सापडेनात म्हणून आपला अर्धा बनच देऊ केला. आल्गोतने तो खाल्ला. चव लागली नाही.

शुक्रवारी सकाळी तो तळघरात बुडबुड्याला कोठडीतून सोडवत बसला होता, तेव्हा जिन्यात दोघांची पावलं वाजली. दारात सिग्ने आणि रूने, मध्ये हातभर अंतर ठेवून.

“आमचं नाव त्या यादीतून काढ,” सिग्ने म्हणाली.

“काढतो. दोन दिवसांचं अंतर ठेवू का?”

“नको. लागोपाठ दे.”

आल्गोतने वळून बघितलं.

“बुधवारी मी याच्यावर पाऊण तास ओरडले,” सिग्ने म्हणाली. “त्या रात्री इतकी गाढ झोप लागली, की सकाळी घड्याळ वाजलेलं कळलं नाही. अँटिव्हायरसवाल्यांना पत्र लिहून आभार मानावेत म्हणते.”

“माझी बायको लिसबेत गेल्यापासून माझ्याशी इतका वेळ कुणी बोललेलं नाही,” रूने जमिनीकडे बघत म्हणाला. मग एकदम ताठ झाला. “पण सांगून ठेवतो, मी दहा मिनिटं उशीर करणार. मुद्दाम.”

“करून तर बघ!” सिग्ने म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते.

दोघं भांडत वर गेली. आल्गोतने बुडबुड्यात एक नवी यादी उघडली. नाव दिलं, ‘भेटू द्यावे’. त्यात ७ आणि ११ लिहिले. बंद करणार होता, पण खाली बरीच जागा मोकळी सोडून तसाच थांबला. जिन्यात अजून कुणीतरी उतरत होतं, आणि या वेळी भेट टाळायला कुणी दार बंद केल्याचा आवाज आला नव्हता.