तांब्यातला अभ्यास

प्रतीक्षा झेरॉक्स काढायला बसवकल्याणला गेली. जाताना आईला तीनदा बजावलं, "खिडकीतल्या वाटीला कुणी हात लावू नका." बाणूबाईने मान डोलावली, पण नवऱ्याला सांगायचं विसरली.

दुपारी तुळजाराम शेतातून घामाघूम होऊन आला. वाटीतल्या पाण्यात बारीक काळे दाणे बघून त्याला वाटलं, बायकोने सब्जा भिजवलाय. त्याने ते तांब्यात ओतलं, चमचाभर साखर टाकली आणि तांब्या तोंडाला लावला.

"अवं, बेडकाची अंडी हैत ती!" बाणूबाई ओरडली.

तुळजाराम गाल फुगवून अंगणाकडे धावला.

"तिकडं कामून पळायलाव? वाटीत थुका! मोजून बारा हैत!"

बाणूबाईने सगळं चहाच्या गाळणीतून गाळलं, वाटीत विहिरीचं ताजं पाणी भरलं. मोजली, तर अकराच. दोघांनी तांब्या धुंडाळला, गाळणी झटकली. बारावं तुळजारामच्या मिशीत सापडलं.

संध्याकाळी लेक आली. तुळजाराम खाली मान घालून म्हणाला, "पोरी, मी तुझा अभ्यास प्यायला निघालो व्हतो."

प्रतीक्षाने धावत जाऊन वाटीतली अंडी पुन्हा मोजली. पीएचडीच्या प्रयोगासाठी केलेल्या वर्षभराच्या खटपटीतून एवढीच बारा जगली होती. रडू आवरत तिने सांगितलं, "अप्पा, एका अंड्यातल्या गर्भाच्या पेशी निळ्या रंगवून दुसऱ्यात लावल्यात. आपल्या जागी ऱ्हायल्या असत्या तर त्यांची कातडी झाली असती. नव्या जागी त्यांचा स्नायू होतो का, ते बघायचं व्हतं."

"म्हंजे परक्या घरात जाऊन तिथलं काम शिकत्यात का?" बाणूबाईने विचारलं.

"व्हय, अव्वा."

त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. पुढचे दोन दिवस तुळजाराम शेतात फिरकला नाही, वाटीपाशीच बसून राहिला. पाच मेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओरडला, "पोरी, एकानं शेपटी हालवली!"

प्रतीक्षाने भिंग धरलं. इवल्याशा शेपटीत निळी रेघ होती आणि शेपटी वळली की रेघही आखडत होती. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

सोमवारी प्रतीक्षा विद्यापीठात प्रयोग दाखवायला निघाली, तेव्हा कलबुर्गीच्या गाडीत पिल्लांचा डबा मांडीवर घेऊन तुळजारामच बसला. पहिल्याच खड्ड्याला तो ड्रायव्हरवर खेकसला, "अण्णा, हळू! लेकरं हैत संगट!"

कंडक्टरने सीटखाली वाकून बघितलं. "किती लेकरं?"

"सात," तुळजाराम म्हणाला आणि ऊन लागू नये म्हणून डब्यावर आपला रुमाल पांघरला.